तीन दिवस ठेवून बघू

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी सगळ्यांची खुशाली. उजव्या गुडघ्या, कसा आहेस? — बरा म्हणतोय. डाव्या, तू? — बोलत नाही, रुसलाय. कंबर? — आज माझं नाव काढू नका म्हणते. मान? — हजर, पण एकाच बाजूला बघते. खांदे दोघेही रजेचा अर्ज देऊन बसलेत. पोट? — उत्तम! त्याला कधीच काही होत नाही. एकूण प्रकृती: योगशिक्षक.

हो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी योगशिक्षक झालो. घडलं ते असं. शाळेला वरून पत्रक आलं — प्रत्येक खेळाच्या संघाला आठवड्यातून दोनदा योग, सक्तीचा. खरे शिक्षक पंधरा दिवस आले आणि दुसऱ्या शाळेत निघून गेले. लेक त्या शाळेत मुलींना पळायला शिकवते. जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज सकाळी गच्चीवर जे काही करता ना, ते माझ्या मुलींना शिकवा. दोन मार्चला स्पर्धा आहे, तेवढ्यापुरतं."

"जे काही"! वीस वर्षांची साधना, तिला लेक म्हणते "जे काही"!

मी ताठ बसून म्हटलं, विचार करून सांगतो. आमची ही लगेच म्हणाली, "विचार कसला करताय? घरात माझ्या पायात पायात करण्यापेक्षा तिकडे जाऊन आडवे व्हा."

तर आजचा पहिला तास. क्रीडागृहात अकरा मुली, तेरा ते सोळा वयाच्या. मी हलासन घेतलं. का घेतलं? कारण ते दिसायला भारदस्त. आडवं व्हायचं, पाय उचलून डोक्यामागे नेऊन जमिनीला टेकवायचे. नेले. टेकवले. पुढे काय?

इथे कबूल करायला हवं. माझं शिक्षण रद्दीच्या दुकानातल्या एका पुस्तकावर झालं. त्याचा पहिला भाग आहे — आसनात कसं जायचं. दुसरा भाग होता — आसनातून बाहेर कसं यायचं. तो फाटून गेलाय. घरी मी डावीकडे लवंडतो, पाण्याच्या टाकीला टेकतो आणि उठतो. क्रीडागृहात टाकी नाही!

मी तसाच. मुलीही तशाच — त्यांना वाटलं, हाच धडा. सारखे प्रश्न विचारणारी एक आहे, तिला सगळ्या प्रश्नचिन्हच म्हणतात. ती पायांखालून म्हणाली, "आजोबा, अजून किती वेळ?"

मी म्हटलं, "मनाची तयारी होईपर्यंत."

"कोणाच्या?"

शेवटी दोघींनी मला घडीच्या टेबलासारखं उलगडलं. लेक दारात उभी होती. हसली नाही. पण शिट्टी तोंडात धरून ठेवली होती, हसू येऊ नये म्हणून. मला कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंबरेने नाव काढू दिलं. आजच्यापुरतं एवढं पुरे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मुली हळूहळू कळायला लागल्या. त्यांना मीही कळायला लागलोय, हे वाईट.

लेकीची सगळी भिस्त एका मुलीवर आहे. चौघींच्या शर्यतीत काठी हातोहात देत पळायचं असतं, त्यात शेवटचा टप्पा हिचा. पंधरा वर्षांची. पाय एवढे लांब की बसली की गुडघे कानाशी येतात, म्हणून नाव पडलं नाकतोडी. बोलणं मोजकं. दोन मार्चला निवड करणारे लोक येणार आहेत, एका मुलीला खेळाडूंच्या निवासी केंद्रात नेणार. लेक म्हणते, नेतील तर हिलाच.

आज चटया गुंडाळताना मी तिला विचारलं, "काय गं, पदक हवंय का?"

ती म्हणाली, "तिथे प्रत्येकीला आपली खाट असते, आजोबा. आपली एकटीची."

घरी एका खोलीत सहा जण आहेत म्हणे. आई इस्त्रीच्या दुकानात काम करते. मी म्हटलं, "श्वास सोड." मला काही सुचलं नाही की मी हेच सांगतो. तिने सोडला. गुणी पोर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज शवासन शिकवलं. सांगितलं: डोळे मिटा, अंग सैल सोडा, पण झोपायचं नाही. जागं राहून स्वस्थ पडणं हीच खरी कसोटी!

जाग आली तेव्हा क्रीडागृह रिकामं. माझ्या छातीवर हजेरीचा कागद. त्यावर हिरव्या पेनाने माझ्या नावापुढे "गैरहजर". लेकीचं अक्षर!

घरी म्हणाली, "बाबा, शिकवणाऱ्याने घोरायचं नसतं."

"मी आदर्श घालून देत होतो."

"आदर्श बाहेर मैदानापर्यंत ऐकू येत होता."

पण एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण अशा गोष्टी मला फार वेळा लिहायला मिळत नाहीत. निघताना प्रश्नचिन्ह माझ्यासाठी दाराशी थांबली होती. म्हणाली, "आजोबा, पडल्या पडल्या माझ्या डोक्यातली बडबड पहिल्यांदाच बंद झाली. असं होतं का? का होतं? रोज होईल का?" तीन प्रश्न विचारून बडबड परत सुरू! मी म्हटलं, होतं. वाटेत उगीचच छाती काढून चाललो. कोपऱ्यावर मानेने आठवण करून दिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीने विचारलं, "डोळे मिटूनसुद्धा कोण हललं ते तुम्हाला कसं कळतं? मुली म्हणतात, आजोबांना मागेही डोळे आहेत."

डोळे कसले? कान! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तीही जिन्याखालच्या दुकानात. दुकान म्हणजे काय — एक माणूस, एक टेबल, एक दिवा, आणि डोक्यावर लाकडी जिना. अख्ख्या इमारतीची ये-जा माझ्या टाळूवरून, आमच्या घरच्यांचीही, कारण बिऱ्हाड वरच्याच मजल्यावर. डोळ्याला भिंग लावलेलं, मान वर करायची सोय नाही. पावलावरून सांगायचो — ही भाजी घेऊन आली, हा भांडून निघाला, ही पोर आज शाळेत मार खाऊन आली. आणि दुरुस्त झालेलं घड्याळ? डोळे मिटून कानाशी धरायचं. टिक आणि टिक यांत सारखं अंतर हवं. एक लांब एक तोकडी पडली की घड्याळ लंगडतंय. आज चालेल, उद्या चालेल, एक दिवस थांबेल.

आणि माझा एक नियम होता. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच द्यायचं नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, एकच उत्तर: तीन दिवस ठेवून बघू.

हे सगळं लेकीला रंगवून सांगत होतो. सांगता सांगता जिन्यावर आलो तशी ती उठली, भांडी उचलायला लागली. आमच्याकडे जिना, पळणं आणि तिचा डावा गुडघा हे विषय एका वाक्यात येत नाहीत. कुणी ठरवलं नाही, पण येत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुख्याध्यापिका तास बघायला आल्या. सगळ्या मुली वृक्षासनात एका पायावर स्थिर. पडलो फक्त मी. बाई म्हणाल्या, "छान! चूक करूनही दाखवता तुम्ही." मी मान डोलावली. हेतूच तो होता म्हटलं!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज हसायला काही नाही.

तास संपला. मुली बाहेर सिमेंटच्या वाटेवर फेऱ्या मारायला गेल्या. मी चटईवरच पडून राहिलो, दार उघडं. खरं सांगायचं तर उठायचा कंटाळा. डोळे मिटलेले. अकरा जोड्या पावलं दारावरून जातात, लांब जातात, परत येतात. मला गंमत वाटली — ही जाडजूड पावलं गोळाफेकवालीची, ही फटफट प्रश्नचिन्हाची, पळतानाही बोलतेय. आणि ही लांब लांब पडणारी —

टिक. टि. टिक. टि.

दुसऱ्या फेरीला पुन्हा. तिसऱ्या फेरीला मी उठून बसलो होतो.

डोळ्यांनी बघितलं तर काहीच नाही. सुरेख पळत होती. लेक घड्याळ हातात धरून बघत होती, तिलाही काही दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच ते.

मग पाणी प्यायला आली तेव्हा मी नाकतोडीला बोलावलं. नडगीवरून बोट फिरवत खाली नेलं. एका ठिकाणी — रुपयाएवढी जागा — तिने श्वास आत ओढला आणि ओठ घट्ट मिटले.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मी घड्याळवाला आहे, पोरी. मला फसवू नकोस."

ती खाली बसली. गुडघे कानाशी. "रविवारची स्पर्धा होऊ दे ना, आजोबा. फक्त रविवार. मॅडमना सांगू नका. मग तुम्ही म्हणाल तेवढे दिवस शवासनात पडून राहीन. शपथ."

आणि मी काय म्हणालो? शहाण्या माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "बरं. तीन दिवस ठेवून बघू."

२६ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात तीन दिवस ठेवलेलं घड्याळ फळीवर स्वस्थ बसून असतं. ही पोर रोज आठ फेऱ्या मारते. हा फरक मला काल सुचायला हवा होता. आज अंघोळ करताना सुचला. एकाहत्तर वर्षांची अक्कल, साबण लागल्यावर चालू होते!

तरी संध्याकाळी लेक घरी आल्यावर मूग गिळून बसलो. का? आज खरं लिहायचं ठरवलंय, तर लिहितो. एक तर पोरीला शब्द दिला. दुसरं, तिची खाट. आणि तिसरं — हे सगळ्यात खाली दडवलेलं — वृक्षासनात मी तिला त्याच दुखऱ्या पायावर उभं करतोय. महिना होत आला. माझ्यामुळेच झालं असेल तर? अर्ध्या पुस्तकावर शिकलेला म्हातारा लेकरांचे पाय मोडतो! पोरीच्या पायाची काळजी आहेच. पण त्या काळजीच्या मागे माझी अब्रू दबा धरून बसलीय.

वही, तू कोणाला सांगू नकोस.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तास घेतला. वृक्षासन वगळणार होतो, पण मुलींनीच मागितलं. नाकतोडी उभी राहिली — त्याच पायावर, मुद्दाम, माझ्याकडे बघून हसत. वरच्या ओठावर घाम. क्रीडागृहात पंखे चालू होते.

मी म्हणालो, "वा!"

वा म्हणालो मी. जीभ झडली नाही.

रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे ती खूप शांत झालीय. बोलतच नाही हल्ली. पळण्यात लक्ष आहे." हीसुद्धा म्हणाली, "काहीतरी जमलं म्हणायचं यांना." दोघी एकाच दिवशी माझं कौतुक करतायत, असं लग्नानंतर प्रथमच घडत असावं. 

जे कधीच लिहिलं नाही ते आज लिहितो.

चोवीस वर्षांपूर्वी. लेक सतरा वर्षांची. चारशे मीटर. दुकानातल्या फळीवर घड्याळं मागे आणि तिचे चषक पुढे. घड्याळ न्यायला आलेल्या माणसाला आधी चषक बघावे लागायचे. एकदा शर्यत सहा दिवसांवर होती. ती सरावाहून आली आणि माझ्या डोक्यावरून जिना चढली. टिक. टि. टिक. टि.

मी ऐकलं. भिंग डोळ्याला होतं, पण कान उघडे होते. तीन दिवस ऐकलं. रोज म्हणायचो, आज विचारतो. मग वाटायचं, शर्यत होऊन जाऊ दे. तीन दिवस ठेवून बघू. आणि चौथ्या दिवशी आवाज बंद झाला! पावलं हलकी, लंगड गेलेली. माझा जीव भांड्यात पडला. कधीकधी घड्याळ आपोआप चालू होतं, तसं काहीतरी झालं असेल म्हटलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच मला.

शर्यतीत शेवटच्या वळणावर पडली. दोन वेळा गुडघा कापला. पुन्हा पळाली नाही. पळायला शिकवते.

मी ऐकलं होतं, हे तिला माहीत नाही. हिलाही नाही. चषक मी त्याच महिन्यात फळीवरून काढले. गिऱ्हाइकं विचारायची, तर म्हणायचो, धूळ बसते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

सकाळी लेक बुटांच्या नाड्या बांधत होती. मी म्हटलं, "नाकतोडीला रविवारी पळवू नकोस. नडगी दुखतेय तिची. मंगळवारपासून मला माहीत आहे."

तिचा हात नाडीवरच थांबला. "मंगळवारपासून?"

"हो."

"आज शुक्रवार आहे, बाबा."

"हो."

 ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसरा बूट तसाच सुटा ठेवून निघाली.

दुपारी डॉक्टरकडे मीही गेलो. बोलावलं नव्हतं, गेलो. नाकतोडी, तिची आई, लेक, आणि कोपऱ्यात मी, चपला हातात घेऊन — का घेतल्या होत्या देव जाणे! डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. हाडाला केसाएवढी चीर. दीड-दोन महिने जुनी म्हणाले, कडक जमिनीवर पळून पळून पडते. मी विचारलं, "वृक्षासनाने?" ते म्हणाले, "आजोबा, एका पायावर उभं राहून हाड चिरत असतं तर बगळे कधीच संपले असते." रविवारी पळाली असती तर मात्र चीर आरपार गेली असती. आता आठ आठवडे विश्रांती.

माझी अब्रू वाचली. पण आनंद होईना.

बाहेर आल्यावर नाकतोडी एकच वाक्य बोलली. "तुम्ही शब्द दिला होतात." तिची आई म्हणाली, "गप, मोठ्यांशी असं बोलू नये." मी म्हटलं, "बोलू दे, ताई. खरं बोलतेय."

२ मार्च, रविवार

सहा शाळांत पाचवे आलो. शेवटच्या टप्प्याला प्रश्नचिन्ह पळाली. काठी पडली नाही, एवढंच काय ते. पळून आल्यावर धापा टाकत म्हणाली, "आजोबा, सहावं कोण आलं?"

निवड करणारे दुसऱ्या शाळेच्या मुलीला घेऊन गेले. लेक त्यांच्याशी बराच वेळ बोलत होती, हातवारे करून. सहा महिन्यांनी पुन्हा येऊन बघू म्हणाले. येतील का? लोक असं म्हणतात.

नाकतोडी कट्ट्यावर पाय लांब करून बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. ती सरकली. माझ्यासाठी जागा करायला नव्हे.

लेक घरात माझ्याशी बोलते. मीठ द्या, पाणी तापलंय, पत्र आलंय. एवढंच.

६ मार्च, गुरुवार

माझं काम दोन मार्चपर्यंत होतं. तरी गेलो. पत्रक अजून लागू आहे, आणि कुणी येऊ नका म्हणालं नाही.

हलासन घेतलं. बाहेर कसं यायचं, ते आता मुलींनी शोधून काढलंय — पाठीचा एक एक मणका टेकवत, सावकाश. मला शिकवलं. वीस वर्षांनी आज टाकीविना उठलो!

तास संपता संपता दारात कुबड्यांचा आवाज. ठक ठक. नाकतोडी.  ती माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाली, "पाय न वापरता काय काय करता येतं?"

मी म्हटलं, "श्वास सोड."

चटई अंथरायला मी इतका धावलो की कंबर, मान, खांदे सगळे मागे राहिले. घाईघाईत निघालो. पिशवी विसरलो वाटतं, कारण आता हे लिहितोय ते हजेरीच्या कागदामागे. वही तिकडेच राहिली.

११ मार्च, मंगळवार

वही आज माझ्या उशीवर होती. सत्तावीस फेब्रुवारीच्या पानाखाली हिरव्या पेनाने लिहिलेलं:

"बाबा, वही चटयांच्या ढिगात सापडली. वाचायची नव्हती. वाचली. आवाज बंद झाला नव्हता. चौथ्या दिवसापासून मी बूट हातात घेऊन जिना चढत होते. खाली तुमचे कान होते ना! तुम्हाला कळलं तर तुम्ही मला पळू देणार नाही, अशी माझी खात्री होती. अजूनही आहे. चोवीस वर्षं हे तुम्हाला सांगायचं राहिलं. समोरासमोर आपल्या दोघांनाही जमणार नाही, म्हणून इथेच लिहा. आणि पुढच्या वेळी सगळ्यांची खुशाली घ्याल, तेव्हा माझ्या डाव्या गुडघ्यालाही विचारा. वाट बघतोय तो. लवकर लिहा."